पतंग उडविण्यास हरकत नसल्याबाबत

कौस्तुभ आगाशेला सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत एकदा, फक्त एकदा, पाण्यावर उभं राहून दाखवायचं होतं. मागणी तशी मोठी नव्हती. जावई सासऱ्यांकडे याहून कितीतरी महागाच्या गोष्टी मागतात आणि त्या मिळाल्या नाहीत तर जेवणाच्या ताटावरून उठतात. कौस्तुभ ताटावरून उठणाऱ्यांपैकी नव्हता. त्याला सासऱ्यांनी नुसतं बघायला हवं होतं.

याला कारण घडलं होतं लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला. विद्यानगरच्या घराच्या गच्चीवर दिगंबरराव मुदखेडकरांनी नव्या जावयाच्या हाती पतंगाचा दोरा दिला आणि चरखी स्वतः धरली. हैदराबादेत हा केवढा मान आहे, हे पुण्याच्या माणसाला कळणार कसं? त्याच्या लेखी संक्रांत म्हणजे तिळगूळ आणि दुपारची झोप. सात वेळा पतंग वर गेलाच नाही. आठव्यांदा गेला तो थेट शेजारच्या नरसिंगरावांच्या पाण्याच्या टाकीत. दिगंबररावांनी शांतपणे चरखी गुंडाळली आणि पुढची दहा वर्षं हा किस्सा मराठीत, तेलुगूत आणि दखनीत सांगितला. प्रत्येक वेळी टाकी थोडी मोठी होत गेली.

त्या संक्रांतीनंतर काही काळाने कौस्तुभ नोकरीसाठी हॉलंडला गेला आणि सात वर्षं राहिला. तिथल्या समुद्रावर त्याने एक खेळ पाहिला. पायाखाली एक फळी, कमरेला जाड पट्टा, आणि पट्ट्याला पंचवीस-पंचवीस मीटरच्या चार दोऱ्यांनी बांधलेला, खोलीभर मोठा पतंग. वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला ओढतो आणि माणूस पाण्यावरून सूं करत जातो. हे पाहताच त्याला नरसिंगरावांची टाकी आठवली. पतंगाने घालवलेली अब्रू पतंगानेच परत आणता येईल, असं त्याच्या मनाने घेतलं. तीन उन्हाळे समुद्राचं पाणी पिऊन तो शिकला. फार चांगला आला असं नाही. साठीच्या डच बायका त्याच्या शेजारून हात करून पुढे निघून जात. पण उभा राहायचा, आणि बऱ्यापैकी लांब जायचा.

दोन हजार चार साली त्याच्या कंपनीने हैदराबादेत मोठं ऑफिस काढलं. तेव्हा सगळेच काढत होते. कौस्तुभ बायकोला, म्हणजे गौरीला, घेऊन परत आला आणि सासऱ्यांच्याच घरी वरच्या मजल्यावर राहू लागला. गंमत अशी की पुण्याहून हॉलंडला जाताना आपण परमुलखात चाललोय असं त्याला फारसं वाटलं नव्हतं. ते वाटलं विद्यानगरात. हॉलंडमध्ये काय करायचं आणि काय नाही याच्या पाट्या असत. इथे दुकानदार 'परसों आव' म्हणायचा, आणि हा परवाचा दिवस नेमका कधी उगवतो ते गौरीलाही, म्हणजे इथेच जन्मून वाढलेल्या बाईलाही, सांगता येत नसे.

पतंग सामानातून आला तेव्हा कस्टमच्या गोदामातल्या अधिकाऱ्याने 'हे पॅराशूट आहे का?' असं तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारल्यावर कौस्तुभने पंप काढून तिथेच त्यात हवा भरून दाखवली. पतंग फुगला, दोन टेबलं आडवी झाली, आणि 'घेऊन जा, घेऊन जा' अशी मंजुरी मिळाली. आयुष्यात मिळालेली ही त्याची सर्वांत जलद मंजुरी. दुर्दैवाने त्यामुळे त्याचा गैरसमज झाला.

जूनमध्ये हैदराबादेत वारा सुटतो. साधासुधा नव्हे, वाळत घातलेली धोतरं हिमायतनगरला पोहोचवणारा. कौस्तुभने शहराबाहेरचा मल्लम्माकुंटा तलाव हेरला, रविवारी सकाळी गाडीवर फळी बांधली आणि तिथे जाऊन पतंग पसरला. वारा असा की डोळ्यांत पाणी यावं. हवा भरायला सुरुवात करतो न करतो तोच चौकीदार आला.

"परमिशन है क्या सर?"

"कशाची? पतंग है."

"वोइच तो. पतंगां गल्ली में उड़ाते. तालाब पे नक्को सर."

तलाव कोणाचा आहे, हे विचारल्यावर चौकीदाराने बोटं मोजायला सुरुवात केली. पाणी एका खात्याचं, गाळ दुसऱ्याचा, मासे सोसायटीचे, बांध तिसऱ्या खात्याचा, आणि वरचं आभाळ कोणाचं हे त्याला माहीत नव्हतं, पण कोणाचं तरी नक्की होतं. कौस्तुभ कोरडाच घरी आला.

त्या संध्याकाळी गच्चीवर सल्लागार मंडळ भरलं. नरसिंगराव म्हणाले, एखादा आमदार गाठा. गौरी म्हणाली, गोव्याला जाऊन खेळ. सासूबाई इंदुमतीबाई म्हणाल्या, "पाण्याची कामं जपून करावीत," आणि पतंगाच्या सामानातली एक बळकट, दोन्ही टोकांना चापाचे आकडे असलेली दोरी हातात घेऊन बघितली. "ही चांगली आहे हो. आमची कपड्यांची दोरी दर वर्षी तुटते." कौस्तुभने घाईघाईने सांगितलं की ती फार महत्त्वाची आहे, पडायची वेळ आली आणि पतंग सोडावा लागला, तर तो या दोरीमुळे उडून जात नाही, आपल्यालाच बांधलेला राहतो. "असं का," म्हणून त्यांनी ती ठेवली. बघून ठेवली, हे कौस्तुभच्या लक्षात आलं नाही.

सगळे बोलून दमल्यावर दिगंबरराव खाकरले. ते महसूल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या सरकारी नोकरी, राजवट कोणाचीही असो. चाळीस वर्षांत त्यांनी लिहिलेली एकही दरख्वास्त परत आली नव्हती, असं ते सांगत, आणि ते खोटं सांगणाऱ्यांपैकी नव्हते. निवृत्तीनंतर मात्र लिहावं असं काही उरलं नव्हतं. गेल्या वर्षी त्यांनी रस्त्यावरच्या दिव्याबद्दल एक अर्ज अगदी जीव ओतून लिहिला, तर दिवा आधीच लागला.

"परेशान होऊ नका, जावईबापू," ते म्हणाले. "कागद आणा."

कौस्तुभने उत्साहाने त्या खेळाचं इंग्रजी नाव सांगितलं, जगात किती लोक खेळतात तेही सांगितलं. दिगंबररावांनी पेन खाली ठेवलं.

"हे बघा. साहेबाला जी गोष्ट माहीत नाही, ती अर्जात लिहायची नाही. माहीत नसली की तो वरच्याला विचारतो. वरच्यालाही माहीत नसली की फाईल बसते. आता मला सांगा, ही वस्तू काय आहे?"

"म्हणजे तसा पतंगच आहे, पण…"

"बस. पतंग. साहेबाला माहीत आहे, चपराश्याला माहीत आहे, मंत्र्याला माहीत आहे." आणि त्यांनी आपल्या वळणदार इंग्रजीत लिहिलं: एक नग पतंग, आकाराने मोठा, मल्लम्माकुंटा तलावावर उडविण्यास हरकत नसल्याबाबत.

"फळीचं लिहू या ना, बाबा. मी पाण्यावर उभा राहणार आहे."

"ते मग तोंडी सांगू."

फळी अशी पहिल्याच दिवशी अर्जातून वगळली गेली. माणूसही वगळला गेला होता, पण ते कळायला सात महिने लागले.

मग कागद फिरू लागला. दिगंबरराव इस्त्रीचा सदरा घालून रोज दहाला निघत आणि उजळलेल्या चेहऱ्याने दुपारी परत येत. मासेमारी सोसायटीने विचारलं, पतंगाची सावली पडून मासे बुजतील काय? दिगंबररावांनी ढगांचा दाखला देऊन उत्तर लिहिलं. विजेच्या लोकांनी तारा किती लांब आहेत याचा नकाशा मागितला. बांधाच्या लोकांनी मांजा काचेचा की साधा, लांबी किती, असं विचारलं. शेवटी एका बारकाईच्या कारकुनाने शेरा मारला की चरखी कोण धरणार हे अर्जात नमूद नाही.

"बाबा, याला चरखी नसते," कौस्तुभ कळवळून म्हणाला.

"चरखी नाही असा पतंग मंजूर होणार नाही," दिगंबरराव म्हणाले आणि त्यांनी त्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. लिहिताना त्यांचा चेहरा मवाळ झाला. कौस्तुभच्या ते लक्षात आलं आणि त्याने पुढे वाद घातला नाही.

जूनचा वारा गेला, जुलैचा गेला. ऑगस्टमध्ये कौस्तुभ सवय मोडू नये म्हणून गच्चीवर पट्टा बांधून, फळीवर उभा राहून, गच्चीच्या कठड्याला दोऱ्या अडकवून मागे झुकायचा सराव करू लागला. समोरच्या कोचिंग क्लासची पोरं खिडकीला चिकटत. नरसिंगरावांनी गौरीला बाजूला घेऊन, "अल्लुडुगारूंची कंबर धरली आहे का? माझ्या ओळखीचा वैद्य आहे," असं सांगितलं. जावयाला तेलुगूतलं मानाचं 'गारू' लावून वर वैद्याचा पत्ता देणं, यात आदर किती आणि कीव किती ते, गौरीने सांगितल्यावर, कौस्तुभला ठरवता आलं नाही. सप्टेंबरात वारा पडला. दिगंबररावांचं वजन मात्र तीन किलोंनी वाढलं. इतक्या सह्या त्यांनी निवृत्तीनंतर एकत्र पाहिल्या नव्हत्या.

डिसेंबरच्या अखेरीस मंजुरी आली. पाच शिक्के, सात सह्या. दिगंबररावांनी ती देवापुढे ठेवली, मग उघडून मोठ्याने वाचली.

"एक नग पतंग… चौदा जानेवारी… सकाळी दहा ते बारा! अहो, साहेबांनी खास संक्रांतीचा दिवस दिला! मी मागितला पण नव्हता!"

कौस्तुभने कागद हातात घेऊन तारीख पुन्हा वाचली. पतंगाचा अर्ज होता. सरकारने पतंगाचाच दिवस दिला. त्यात साहेबाची काही चूक नव्हती. जानेवारीत हैदराबादेत वारा असतो तो मुठीएवढ्या कागदाला पुरणारा. बारा चौरस मीटरच्या फुगीर पतंगाला आणि पंच्याहत्तर किलोंच्या जावयाला त्याने काय होणार?

"बाबा, तारीख बदलून मिळेल का? जूनमध्ये?"

दिगंबररावांनी चष्मा काढला. ते रागावले नाहीत. नुसते त्या सात सह्यांकडे बघत राहिले, आणि ते बघणं कौस्तुभला रागावण्यापेक्षा जड गेलं. "नको, नको. चौदाच ठीक आहे," तो म्हणाला.

संक्रांतीला सगळे मल्लम्माकुंट्यावर गेले. दिगंबररावांनी डोक्याला फेटा बांधला होता आणि हातात एक रिकामी चरखी घेतली होती. कागदावर नाव होतं, तेव्हा चरखी हवीच. तलावाच्या पलीकडच्या काठाला एक वस्ती होती आणि तिच्या प्रत्येक गच्चीवर माणसं, प्रत्येक माणसाच्या हाती पतंग. चौकीदाराने मंजुरी वाचली आणि ती खरी निघाल्याचं दुःख गिळून सलाम केला.

पतंगात हवा भरताना कौस्तुभला कळलं की ती आकड्यांची दोरी पिशवीत नाही. त्याने इंदुमतीबाईंकडे पाहिलं. इंदुमतीबाईंनी तलावाकडे पाहिलं. दोरीवर त्या दिवशी चार साड्या आणि दिगंबररावांचा लेंगा वाळत होता. दोरी नसेल तर पाण्यात उतरायचं नाही, हा हॉलंडमधला पहिला धडा. पण सात महिने, सात सह्या, सासऱ्यांचा फेटा, आणि वाऱ्याचा पत्ता नाही. वारा येणारच नाही तर पडणार तरी कुठून, असा विचार करून तो पाण्यात उतरला. शहाण्या माणसाने आयुष्यात एकदाच करावा असा हा विचार होता.

दहाला तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. साडेदहाला उभा होता. अकराला एका कोळ्याने होडी जवळ आणून "गाली लेदु, सार" अशी माहिती दिली. वारा नाही हे कौस्तुभला तोवर समजलं होतं. काठावर तिळगूळ वाटून झाला. पतंग काठाशी मेलेल्या म्हशीसारखा कुशीवर पडून होता. नरसिंगराव मोठ्याने टाकीची गोष्ट कोणाला तरी सांगत होते, आणि दिगंबरराव आज पहिल्यांदाच ती गोष्ट ऐकून हसत नव्हते. रिकामी चरखी छातीशी धरून ते आभाळाकडे बघत होते. कौस्तुभला त्यांच्यासाठी वाईट वाटलं, आणि मग स्वतःसाठी त्याहून जास्त.

बाराला दहा कमी असताना पाण्यावर सुरकुती उठली.

त्याने दोऱ्या बांधलेली हातातली दांडी ओढली. पतंग अंग झाडून उठला, वर चढला, आणि निळ्या-नारिंगी रंगाचा तो केवढा तरी आकार आभाळात ताठ उभा राहिला. मग सगळ्या गच्च्यांवरून एकदम ओरडा झाला. कौस्तुभने फळीवर पाय ठेवले, झुकला आणि उठला. पाण्यावर. गुडघे वाकलेले, पाठ सरळ, फळीमागे पांढरी रेघ. दहा मीटर, वीस मीटर, चाळीस. हॉलंडच्या तीन उन्हाळ्यांत तो इतका सुरेख कधी गेला नव्हता. त्याने मान वळवून काठाकडे पाहिलं.

काठावरचा एकूण एक माणूस वर बघत होता.

आभाळात पतंग असताना पतंग उडवणाऱ्याकडे बघायचं, ही रीत हैदराबादेत नाही. आणि वर बघण्यासारखं घडतही होतं. वस्तीतल्या माणसांना संक्रांतीच्या दिवशी समोर पतंग दिसला की एकच गोष्ट सुचते, मग तो केवढाही असो. दहा-बारा पतंग चारी बाजूंनी त्याच्या दोऱ्यांवर येऊन पडले होते, आणि काचेचा मांजा घासला जात होता.

"ढील द्या!" दिगंबररावांचा आवाज तलावभर घुमला. "जावईबापू, ढील द्या! खेचू नका! ढील!" फेटा सुटला होता, आणि ते पाण्यात गुडघ्यापर्यंत शिरून रिकामी चरखी दोन्ही हातांनी गरागरा फिरवत होते.

ढील द्यायची सोय त्या पतंगात नव्हती. एक दोरी तटकन तुटली, मग दुसरी. पतंगाने गिरकी घेतली, कौस्तुभ तोंडावर आपटला, शिकवल्याप्रमाणे त्याने सुटकेचा खटका ओढला, आणि त्याला पतंगाशी बांधून ठेवणारी दोरी विद्यानगरात साड्या सांभाळत होती. बारा चौरस मीटरचा हॉलंडचा पतंग डुलत डुलत वस्तीवर निघाला.

"अफाऽऽऽ!" वस्ती गरजली. पतंग काटल्यावर हैदराबादेत हेच ओरडतात.

कौस्तुभ ओला, चिखलाने माखलेला, मंजुरीचा कागद घेऊन वस्तीकडे निघाला तेव्हा दिगंबररावांनी त्याचा दंड धरला.

"कुठे?"

"पतंग आणायला. महागाचा आहे, बाबा. आणि हे सरकारी पत्र आहे."

"कटलेला पतंग मागायला जाणार?" सासऱ्यांनी इतकं हादरून विचारलं की पत्र कौस्तुभच्या हातातच मऊ पडलं. "ज्याने लुटला त्याचा. पत्रात काय, कशातच त्याचं उलटं लिहिता येत नाही. भेटायला जाऊ. मागायचं नाही."

पतंग युसुफभाईंच्या गच्चीवर पडला होता. ते वस्तीतले जुने पतंगबाज, वजनदार आणि प्रेमळ. त्यांनी पतंग अंथरून त्यावर पाहुण्यांना बसवलं आणि चहा मागवला. कौस्तुभ आपल्याच पतंगावर पाहुणा म्हणून बसला.

"क्या पतंग है मियाँ! बारा जने मिल के काटे, तब कटी. दामाद साब के हात में जान है."

"सीखे सो नै," दिगंबरराव नम्रपणे म्हणाले. "बस, शौक है."

कौस्तुभने चहाच्या कपावरून सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्याने दहा वर्षांत पाहिलं नव्हतं.

परतताना गाडीत त्याने गौरीला हळूच विचारलं, "तू तरी पाहिलंस ना? मी उभा होतो. चाळीस मीटर."

गौरी थोडी ओशाळली. "मी पण वर बघत होते रे. काय सुंदर दिसत होता!"

रथसप्तमीला घरी हळदीकुंकू झालं. बायका आत, पुरुष गच्चीवर. दिगंबररावांनी नवी गोष्ट काढली. मराठीत बारा पतंग होते, तेलुगूत अठरा झाले, आणि दखनीत येईपर्यंत अर्ध्या शहराचा पेच एकट्या जावयाने अंगावर घेतला होता. टाकी त्या रात्री कोणाला आठवली नाही. गोष्टीत फळी नव्हती, पाण्यावर उभा राहिलेला माणूस नव्हता, हॉलंड नव्हतं. कौस्तुभने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा त्यात तिळगूळ टाकला.

शेवटी नरसिंगरावांनीच खोड काढली. शेजारी म्हणून ते त्यांचं कामच होतं. "पण कौस्तुभगारू, मी बघितलं ना. शेवटी तुम्ही पाण्यात तोंडावर पडला होता. तेव्हा काय करत होता?"

दिगंबरराव हातातल्या वाटीकडे बघू लागले. तीन उन्हाळे, सात महिने आणि चाळीस मीटर कौस्तुभच्या जिभेच्या टोकावर येऊन थांबले. त्याने सासऱ्यांकडे पाहिलं.

"ढील देत होतो," तो म्हणाला.